'कन्यादान'मधल्या नाथ देवळालीकरांना इतक्या सहज सोडू नका

तिसरी घंटा

काल इथे एकांनी विजय तेंडुलकरांच्या 'कन्यादान' नाटकावर लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: दलित कवी अरुण आठवले बायकोला, ज्योतीला, मारतो, तेव्हा दोषी तो आणि तो एकटाच. नाथ देवळालीकर हे सज्जन, भाबडे, फसलेले बाप. आणि शेवटी एक वाक्य, "संस्कारांत इतकं अंतर असलं की असं व्हायचंच." त्याखाली कौतुकाची रांग लागलेली पाहिली आणि रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

नाथ भाबडे नाहीत. ते आमदार आहेत, आयुष्य चळवळीत गेलंय, माणसं ओळखणं हे त्यांचं रोजचं काम. मुलगी ज्योती घरी येऊन सांगते की मी अरुणशी लग्न करायचं ठरवलंय. ओळख थोड्याच दिवसांची, आणि प्रेम आहे का हेही तिला नीट सांगता येत नाही. तिची आई सेवा निदान विचारते की राहणार कुठे, खाणार काय. नाथांना आनंद कशाचा होतो? आपल्या घरातून जात हद्दपार होणार याचा. अरुण पहिल्याच भेटीत ज्योतीचा हात पिरगाळतो. तरीही त्यांचं मत बदलत नाही. दुसऱ्या अंकात मार खाऊन ती परत येते, तेव्हा या माणसाला चिंता पडते ती 'प्रयोग' फसेल याची.

माझा आरोप सरळ आहे. ज्याचं घर, मान, मिळकत सगळं शाबूत राहणार आहे, त्यानं दुसऱ्याच्या अंगावर प्रयोग केला. जोखीम ज्योतीची आणि पुण्य नाथांचं. तत्त्वासाठी असा जुगार खेळण्याची ऐपत एका वर्गाकडेच असते, आणि हरल्यावर हळहळायची सोयही त्याच वर्गाकडे. अरुणचा गुन्हा मी पुसत नाहीये. पण आरोपीच्या पिंजऱ्यात दोन माणसं उभी करा.

पिटातला प्रेक्षक

कालचं लिखाण माझं नाही, तरी उत्तर देतो, कारण तुमचं म्हणणं मला त्याहून घातक वाटतं.

लाथ कुणाच्या पायानं मारली? अरुणच्या. तो शिकलेला आहे, कवी आहे, त्याचं आत्मचरित्र गाजतंय. बरंवाईट त्याला कळतं. तुम्ही नाथांना विचार करणारा, निर्णय घेणारा माणूस मानता आणि अरुणला आपोआप घडणारी आपत्ती! "त्यांनी मुलीला त्या संकटात ढकललं" या तुमच्या मांडणीत अरुण माणूस उरतच नाही. कालच्या लेखकानं निदान त्याला दोषी तरी धरलं. दोष देण्यालायक समजणं हाही एक मान असतो.

आणि ज्योती? ती सज्ञान आहे. तिनं घरच्यांना परवानगी मागितलेली नाही, निर्णय कळवलाय. तुमच्या लिखाणात तीही नाथांच्या हातातली वस्तूच झाली.

सावली

तुम्ही दोघंही नाथांच्या दिवाणखान्यात बसून भांडताय. नाथ दोषी की अरुण दोषी, हा वाद त्या घरातल्या लोकांचा.

माझा प्रश्न असा की त्या रंगमंचावर ठळक असा एकच दलित माणूस का, आणि तो असाच का? नाटक १९८३चं. त्या वेळच्या प्रेक्षागृहांत बसणाऱ्या बहुतेकांच्या घरी कधी दलित माणूस पाहुणा म्हणून आला असेल? त्यांना भेटलेला पहिला दलित जावई म्हणजे अरुण. याच नाटकासाठी १९९३चा सरस्वती सन्मान मिळाला आणि याच नाटकासाठी चप्पलही आली, हे खुद्द तेंडुलकरांनी सांगितलंय. ती चप्पल मारणं मला पटत नाही. पण ती कुठून आली ते कळतं.

कॉलेजात असताना मी हा प्रयोग पाहिला. मध्यंतरात शेजारची मैत्रीण अगदी प्रेमानं, काळजीनं विचारते, "तुमच्यात असं असतं का गं?" माझे वडील गिरणीत तिसऱ्या पाळीला जात. आईवर हात सोडाच, आवाजसुद्धा चढवलेला मी ऐकला नाही. वस्तीत दारू पिऊन मारणारे होते. त्यांच्या दारात जाऊन त्यांना बाहेर ओढणाऱ्या बायकाही होत्या. त्या बायका कुठल्या अंकात येतात?

जुनी संहिता

सावलीताई, वेदना समजली, पण आरोप अर्धवट आहे. तेंडुलकरांनी कुणाला सोडलं? 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधले काशीकर, सुखात्मे, पोंक्षे हे सगळे पांढरपेशे, आणि एका बाईला खेळाखेळात सोलून काढतात. जिच्यामुळे नव्हे, ज्यांच्यामुळे ती अडचणीत आली ते प्रोफेसर दामले तर रंगमंचावर येतसुद्धा नाहीत, जबाबदारीच्या वेळी खुर्ची रिकामीच. 'सखाराम बाइंडर'मधला सखाराम जन्मानं ब्राह्मण, आणि घरात आणून ठेवलेल्या लक्ष्मीला पट्ट्यानं मारतो. 'घाशीराम कोतवाल'मध्ये अपमानित माणूस सूड घ्यायला स्वतःची मुलगी नानाच्या पुढ्यात ठेवतो, सत्ता मिळवतो आणि पुण्याला छळतो. अरुण त्याच घराण्यातला. अपमान सोसल्यानं माणूस चांगला होतोच असं नाही, एवढंच लेखकाला म्हणायचंय.

आणि 'घाशीराम'वर कोण चिडलं होतं तेही आठवा. १९७२ साली प्रयोग झाला आणि ब्राह्मणांची बदनामी म्हणून ओरड झाली. प्रयोग थांबले, कलाकारांना थिएटर अ‍ॅकॅडमी ही वेगळी संस्था काढावी लागली. ज्याच्या त्याच्या शेपटीवर पाय पडला की तो ओरडतो.

सावली

माझं म्हणणं तुम्हीच सिद्ध केलंत. सखाराम पाहून बाहेर पडताना एखाद्या ब्राह्मण मुलीला कुणी विचारलंय का, "तुमच्यात असं असतं का?" नाही. कारण सखाराम हा सखाराम असतो, त्याची जात मागे राहते. अरुण मात्र 'त्यांच्यातला' असतो. त्यात ज्योतीचा भाऊ जयप्रकाश येऊन इस्रायलचा दाखला देतो, की कालचे पीडित आजचे अत्याचारी होतात. म्हणजे एका नवऱ्याच्या मारहाणीचा थेट समाजशास्त्राचा सिद्धान्त झाला! सखारामच्या पट्ट्याचा असा सिद्धान्त कुणी मांडला?

शेपटीची भाषा तेवढी परत घ्या. दोन्ही बाजूंच्या पायांत सारखं बळ नव्हतं.

जुनी संहिता

शेपटीचा शब्द मागे. जयप्रकाशबद्दलचं बोलणंही बिनतोड आहे, एवढं मान्य. पण ते पात्राचं मत आहे, नाटकाचं नव्हे, आणि ते बोलणारा मुलगा त्याच घरात वाढलेला आहे.

विंगेतली

सकाळपासून वाचतेय. नाथ, अरुण, जयप्रकाश, तेंडुलकर, सगळे पुरुष झाले. सेवाचं काय? स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणारी बाई, तिची मुलगी गरोदरपणात मार खाते, आणि ही नवऱ्याला सांगते की अरुणच्या पुस्तकाच्या कार्यक्रमाला जा, नाही गेलात तर तो राग ज्योतीवर काढेल.

तिसरी घंटा

बरोबर, म्हणून सेवाही तितकीच दोषी. दुसऱ्यांच्या मुलींसाठी मोर्चे काढले आणि स्वतःच्या मुलीच्या वेळी तडजोड.

विंगेतली

वाटलंच होतं! मी प्रश्न विचारला आणि तुम्ही अर्ध्या तासात आईला फासावर दिलंत.

मी सेवाला दोषी म्हटलेलं नाही. त्या घरात व्यवहाराचे प्रश्न विचारणारी ती एकटीच, आणि तेव्हा तिच्याकडे मागासलेली म्हणून बघतात. पुढे घर कोसळताना तीच मुलीच्या जिवाचा हिशेब करते. मारणाऱ्या नवऱ्याला चिडवू नये, त्याला थोडं खूश ठेवावं, हे शहाणपण तिनं कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही. ते अशा प्रत्येक घरातल्या आईला कळतं.

माझ्या मामेबहिणीचं सांगते. बंगला, दारात गाडी, नवरा मोठ्या हुद्द्यावर, सोवळंओवळं पाळणारं घर. तो मारायचा तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवलेला असायचा. आमचे मामा सुशिक्षित, शब्दाला वजन असलेले. त्यांचं म्हणणं, चार भिंतींतलं चार भिंतींत राहू दे. मामी मात्र दर सणाला जावयासाठी भारी कापड घेऊन जायची, त्याच्या आवडीचं करून घालायची. नातेवाईक तिला लाचार म्हणायचे. ती दोन दिवस तिथे राहिली की ते दोन दिवस बहिणीला मार पडायचा नाही. मामीचा हिशेब तेवढाच होता. बहीण शेवटी बाहेर पडली ती मामीनं लपवून साठवलेल्या पैशांवर. मामांच्या वजनदार शब्दाचा काडीचा उपयोग झाला नाही.

वस्तीत ओरडा झाला तर दहा दारं उघडतात, हे सावलीनं लिहिलंय. बंगल्यात एकही उघडत नाही. वर्ग वर्ग म्हणताय ना, मग हाही फरक मोजा.

पिटातला प्रेक्षक

ताई, बहिणीबद्दल वाईट वाटलं. पण इथे नाटकावर बोलणं चाललंय. प्रत्येकानं घरचं सांगायला घेतलं तर संहिता बाजूलाच राहील. आणि कायदा होता ना? नवऱ्याच्या छळाविरुद्धचं ४९८अ कलमही १९८३चंच. ज्योती शिकलेली होती, कमावती होती. तिनं काय केलं?

विंगेतली

हाच तो प्रश्न, "तिनं काय केलं?" कायदा कागदावर त्या वर्षाच्या शेवटी आला. पोलीस ठाण्यात फौजदारानं "घरगुती मामला आहे, मिटवून घ्या" म्हणणं त्यानंतरही बंद झालं नाही, आमच्या बहिणीनं ते स्वतःच्या कानांनी ऐकलंय. घरातल्या हिंसेचा स्वतंत्र कायदा यायला २००५ उजाडलं. तुम्हाला संहितेत फक्त संवाद दिसतात. ज्योतीच्या अंगावरचे वळ संहितेबाहेरचे आहेत का?

घरचं सांगू नका म्हणालात. मग नाटकं कुणाच्या घरची असतात?

पिटातला प्रेक्षक

आवाज चढवायची गरज नाही. मी बाईला दोष दिलेला नाही.

सावली

दिलात. तुमच्या मागच्या उत्तराचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा.

रविवारची तालीम

हौशी रंगभूमीवर मी अरुण केलाय, म्हणून नटाच्या बाजूनं थोडं.

पहिल्या अंकात अरुण पूर्वजांबद्दल बोलतो, उन्हातान्हातली पायपीट, शिळंउष्टं खाणं, अंगावर घेतलेला अपमान. ते बोलणं खरं आहे. तालमीत पहिल्याच दिवशी माझा घसा दाटून आला होता. दुसऱ्या अंकात तो दारू पिऊन सासरी येतो आणि सांगतो की आम्ही असेच, बायकांना मारतो आणि प्रेमही करतो, बोभाटा मात्र मारण्याचा होतो. ही वेदना पहिल्या अंकातलीच, पण आता तो तिची ढाल करतो. समोर नाथ बसलेत आणि या ढालीवर ते वार करणार नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक आहे. अपराधी भावनेनं वाकलेल्या माणसासमोर काय बोलायचं ते अरुण जाणतो. दिग्दर्शकानं मला नशेत बरळायला लावलं होतं. मी तीन-चार तालमींनंतर ते सोडलं आणि शुद्धीवर असल्यासारखं बोललो, तेव्हाच प्रवेश उभा राहिला.

म्हणून पिटातल्यांशी सहमत. अरुणला पूर्ण कळतं, त्याची जबाबदारी पूर्ण आहे. फक्त ही ढाल त्याच्या हाती कुणी दिली, तर नाथांनी. पीडित माणूस चुकूच शकत नाही असं मानणारा माणूस समोर नसता, तर अरुणचं ते बोलणं पहिल्या मिनिटाला कोसळलं असतं.

तिसरी घंटा

अरुणच्या धूर्तपणाबद्दलचं हे मान्य करावं लागतंय, मनाविरुद्ध. पण तुमच्या शेवटच्या वाक्यानं माझाच मुद्दा पुढे गेला. नाथांनी अरुणला कधी बरोबरीचा माणूस मानलंच नाही. सवर्ण जावयानं पहिल्या भेटीत मुलीचा हात पिरगाळला असता, तर नाथांनी त्याला जिना दाखवला असता. अरुणला दाखवला नाही, कारण अरुण त्यांच्यासाठी व्यक्ती नव्हता, कार्यक्रम होता. यात उदारपणा कसला? खालच्याला वेगळं माप लावायची ती जुनीच सवय, फक्त या वेळी गोड शब्दांत.

ज्योती शेवटी बापाला ऐकवते ते हेच. माणूस मुळात चांगलाच असतो असं तुम्ही शिकवलंत, आणि पशू वेगळा, कवी वेगळा अशी फोड प्रत्यक्षात करता येत नाही, हे मला मार खाऊन शिकावं लागलं. आता मी देवळालीकर नाही, आठवले आहे. ती मला भेटायलाही येऊ नका म्हणते ते बापाला. नवऱ्याला नाही.

पिटातला प्रेक्षक

त्या प्रवेशाचा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. नाथ अरुणच्या पुस्तकाचं जाहीर कौतुक करतात, मनात तिरस्कार ठेवून. ज्योतीला त्यातलं खोटं कळतं. त्या भाषणापुरते नाथ दोषी, हे मी देतो तुम्हाला. खोटं ते खोटं. पण तेही मुलीला वाचवण्यासाठी बोललेले होते. विंगेतली ताईंच्या मामीचं कापड चालतं, तर नाथांचं भाषण का नाही?

विंगेतली

कारण मामीनं ते कापड स्वतःच्या पैशांनी घेतलं आणि बाहेर पडायची वाटही बांधत होती. नाथांनी भाषण केलं आणि घरी येऊन बसले. ज्योतीसाठी दुसरी कुठली वाट त्यांनी बांधली, ते संहितेतून दाखवा.

पिटातला प्रेक्षक

दाखवता येत नाही. ठीक.

सावली

पुन्हा सगळे नाथांपाशीच आलात. दत्ता भगतांचं 'वाटा पळवाटा' किती जणांनी वाचलंय? तिथेही नवरा दलित, प्राध्यापक सतीश, आणि बायको हेमा ब्राह्मण घरातली. घरात काका आहेत जुन्या आंबेडकरी पिढीचे, अर्जुन आहे तरुण, तापलेला. भांडणं भरपूर, पण ती मार्गाची. कुणी कितपत वाट पाहायची, कुणी कुणाच्या वतीनं बोलायचं, नोकरी लागलेल्या दलितावर वस्तीचं देणं किती. वर्ग आणि जबाबदारी हाच विषय हवा ना? तिथे तो दलित माणसं एकमेकांना विचारतात, सासऱ्याच्या दिवाणखान्यात नाही.

जुनी संहिता

वाचलंय, पाहिलेलं नाही. आमच्या वाचन गटाला सुचवतो. 'कन्यादान' त्यानं लहान होत नाही, हे मात्र सांगून ठेवतो.

सावली

लहान करा असं मी म्हणालेच नाही. दोन्ही एकाच आठवड्यात वाचा आणि अरुण पाहून जे विचारावंसं वाटलं, ते सतीश पाहून वाटतं का ते इथे येऊन लिहा.