मे महिना आणि घरातली मुलं : सुट्टीत काय काय करून घेता?

गच्चीवाली : समोर साबुदाण्याचे पळीपापड वाळत घातलेले दिसले आणि राखणीचे दिवस आठवले. मुलांना हे काम जरूर द्या. 1 वाटी साबुदाणा रात्री भिजत घालायचा, सकाळी 5 वाट्या उकळत्या पाण्यात काचेसारखा होईपर्यंत शिजवायचा. मीठ कमीच, वाळल्यावर खारटपणा वाढतो. शिजवणं मोठ्यांकडे, पळीने घालणं मुलांकडे. फार गार होऊ देऊ नका, मग पसरत नाही.

कैरीफोड : संध्याकाळी उलटताना चिकटले तर ओढू नका, ओले आहेत. दोन-तीन कडक उन्हं हवीतच. आत ओल राहिली की डब्यात बुरशी.

आजोळ : राखण सावलीतून हं. 12 ते 4 बाहेर नको. खेळात मुलं तहान विसरतात, लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय. जुलाब लागले तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच! मीठ जास्त झालं तर अपाय होतो. मूल मलूल झालं तर थेट डॉक्टर.

तिसरा मजला : गच्ची नाही आमच्याकडे. कोयी रुजवा. धुऊन, वरचं कवच मोठ्यांनी कात्रीने उघडायचं, आतली बी लगेच मातीत. वाळली की उगवत नाही. आधीच सांगून ठेवा, हापूसच्या कोयीला हापूसच येईल असं नाही, म्हणून तर कलमं करतात.

बर्फवाला दादा : पॉट आइसक्रीम! 3 भाग बर्फ, 1 भाग खडेमीठ. मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली जातो, नुसत्या बर्फाने दूध गोठत नाही. झाकण उघडण्याआधी वरचं खारं पाणी पुसा, थेंब आत गेला की सगळं वाया.

कैरीफोड : दांडा कोणी फिरवायचा यावर भांडणं होतात ना?

बर्फवाला दादा : प्रत्येकी 50 फेरे, मोजायचं दुसऱ्याने. पाढे म्हणत मोजतात.

वऱ्हाडी : आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटी, हाताशी वेळ भरपूर. कुरडयांचे गहू आज भिजवले. 3 दिवस, पाणी रोज बदलायचं.

गच्चीवाली : चीक शिजला की मुलांना वाटीत काढून द्या, गरम, वर दूध-साखर.

आजोळ : किंवा तूप!