बहिणीच्या नैराश्यावरील उपचारांबाबत शंका: मदत हवी आहे

माझ्या धाकट्या बहिणीला (वय ३१) मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान केले असून एस्सिटॅलोप्रॅमची १० मिलिग्रॅमची गोळी रोज सकाळी घ्यायला सांगितली आहे. गोळी सुरू होऊन जेमतेम दोन-तीन आठवडे झाले आहेत. त्याआधीची तिची अवस्था अशी होती की पहाटे तीन-साडेतीनला जाग येई आणि मग डोळ्याला डोळा लागत नसे. सकाळ सर्वांत वाईट जाई, संध्याकाळी थोडे बरे वाटे. ब्रशवर पेस्ट लावून ती बेसिनसमोर कितीतरी वेळ नुसती उभी राही. दात घासण्याइतकेही बळ नाही, असे म्हणे.

नातेवाइकांपैकी काहींचे म्हणणे आहे की ही गोळी एकदा लागली की सुटत नाही, आणि मेंदूतील सेरोटोनिन हे रसायन कमी झाल्यामुळे नैराश्य येते हे आता खोटे ठरले असल्यामुळे गोळीला काही अर्थच उरलेला नाही. आमच्या वडिलांनाही तरुणपणी असाच एक काळ काढावा लागला होता; तेव्हा त्याला कोणी आजार म्हटले नाही. तेव्हा हे आनुवंशिक आहे का, असेल तर उपचारांनी कितपत फरक पडतो आणि गोळी चालू ठेवावी का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी दीड-दोन आठवडे ती रात्री तीन-चार तासच झोपत होती आणि तरीही तिला थकवा जाणवत नव्हता. एकाच वेळी अनेक कामे हाती घेणे, समोरच्याला बोलू न देणे, साठवलेले पैसे भराभर खर्च करणे, असे सगळे चालले होते. घरातल्यांनी तो उत्साह समजला. तपासणीच्या वेळी या काळाचा विषय निघाला नाही. आता गेल्या काही रात्री ती पुन्हा येरझाऱ्या घालते आणि लहानसहान गोष्टींवरून चिडते. या दोन्हींचा काही संबंध असू शकेल का?

प्रतिसाद

मी मानसोपचार विभागात अनेक वर्षे काम केले आहे. रुग्णाला न पाहता निदान करता येत नाही, म्हणून हे मार्गदर्शनापुरतेच समजावे. आपण सर्वांत शेवटी लिहिलेली गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. ती पुढच्या भेटीपर्यंत राखून न ठेवता आजच फोन करून डॉक्टरांच्या कानावर घालावी.

त्याचे कारण असे की नैराश्य दोन वेगवेगळ्या आजारांत दिसते. एकात फक्त नैराश्याचे झटके येतात. दुसऱ्यात, म्हणजे बायपोलर आजारात, त्यांच्या जोडीला उन्मादाचे किंवा सौम्य उन्मादाचे झटके येऊन गेलेले असतात. केवळ आजच्या उदासीकडे पाहून हे दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत, मागचा इतिहासच ते सांगतो. झोप कमी होऊनही थकवा नाही, बोलण्याचा व विचारांचा वेग वाढलेला, बेसुमार खर्च, आणि हा बदल इतरांनाही जाणवणारा, अशी अवस्था सलग ४ दिवस टिकली तर सौम्य उन्मादाचा आणि ७ दिवस किंवा अधिक टिकून कामकाज व नातेसंबंध विस्कटले तर उन्मादाचा विचार केला जातो. बायपोलर रुग्णाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर मनःस्थिती उन्मादाकडे झुकण्याचा धोका असतो. त्यामुळे तिथे लिथियम, क्वेटियापीन, लॅमोट्रिजीन यांसारखी औषधे आधाराला लागतात. लिथियमचा उन्मादावरील उपयोग जॉन केड यांनी १९४९ साली मांडला आणि आजही त्याचे स्थान टिकून आहे; मात्र ते घेताना रक्तातील पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची नियमित तपासणी करावी लागते, आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी ही पातळी वाढते, हे घरच्यांना ठाऊक असायला हवे.

अर्थात, आत्ताची अस्वस्थता हा गोळीचा सुरुवातीचा दुष्परिणामही असू शकतो. नेमके काय आहे ते डॉक्टरच ठरवतील. तोवर गोळी आपल्या मनाने बंद करू नये आणि मात्राही वाढवू नये. या गोळ्यांची दारूसारखी ओढ लागत नाही. पण त्या एकदम थांबवल्या तर चक्कर, मळमळ, विजेचा झटका बसल्यासारखी जाणीव असा त्रास अनेकांना होतो, म्हणून त्या हळूहळूच कमी कराव्या लागतात.

सेरोटोनिनबद्दल आपल्या नातेवाइकांनी ऐकले ते निराधार नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात 'सेरोटोनिन कमी, म्हणून नैराश्य' या सरळ सूत्राला ठोस पुरावा आढळला नाही. पण कारणाचे स्पष्टीकरण अपुरे असणे आणि औषध निरुपयोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्यम आणि तीव्र नैराश्यात या गोळ्यांचा उपयोग होतो. परिणाम दिसायला २ ते ४ आठवडे आणि पूर्ण अंदाज यायला ६ ते ८ आठवडे लागतात. पहिल्याच औषधाने पूर्ण बरे होणारे साधारण एक तृतीयांश रुग्ण असतात. म्हणून औषध बदलावे लागले तरी ते अपयश समजू नये. जोडीला विचार-वर्तन उपचारपद्धती घेतल्यास लाभ अधिक होतो.

आनुवंशिकतेचा वाटा नैराश्यात ३५ ते ४० टक्के, तर बायपोलर आजारात त्याहून बराच जास्त मानला जातो. वडिलांचा तो काळ म्हणूनच डॉक्टरांना सांगावा; त्यांच्याही आयुष्यात उत्साहाचा असा काही काळ येऊन गेला का, तेही आठवून पाहावे. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तिच्याबद्दल विचारावे, कारण थायरॉइडचे काम मंदावले तरी चित्र बरेचसे असेच दिसू शकते.

शेवटी, जीव नकोसा वाटतो का, हे बहिणीला सरळ विचारा. विचारल्याने असा विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले तर तिला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी उद्याच बोलावले आहे. आपण सांगितल्याप्रमाणे बहिणीला विचारले. तसे विचार मनात येत नाहीत, असे ती म्हणाली. त्या जुन्या काळाबद्दल मात्र तिच्यासमोर बोलावे की डॉक्टरांना आधी एकांतात सांगावे?

प्रतिसाद

तिला आधी कल्पना द्यावी आणि तिच्यासमोरच बोलावे. त्या दिवसांत आतून काय वाटत होते ते तिलाच सांगता येईल. झोप किती होती आणि खर्च कसा झाला, ते आपण सांगावे. पाठीमागे बोलल्याचे तिला नंतर कळले तर औषधावरचा तिचा विश्वास डळमळेल, आणि तो विश्वास तुम्हाला पुढचे कित्येक महिने लागणार आहे.