पट्टी लावूनही टीप वाकडी, वर सुईही मोडली

पाव_इंच
घरच्या मशीनवर रूलर क्विल्टिंग (जाड ॲक्रिलिक पट्टीच्या कडेला मशीनचा फूट, म्हणजे सुईभोवतीचा दाबपाय, टेकवून टीप घालणं) सुरू करून तीन आठवडे झाले. पट्टी धरली की टीप सरळ येणार अशी माझी भाबडी समजूत होती, ती गेली.

९ ब्लॉकची (मोठ्या चौकोनी तुकड्यांची) क्विल्ट, म्हणजे गोधडी आहे. प्रत्येक ब्लॉकमध्ये ३ इंची चौकोनांची जाळी. चौकोनाच्या प्रत्येक कडेवर दोन्ही अंगांनी कमान घालायची म्हणजे पाकळ्या तयार होतात, आणि मधे उरलेल्या जागेत फ्री मोशनच्या (पट्टीशिवाय, कापड हाताने फिरवत घातलेल्या) भोवऱ्यांची भरण, असा बेत. झालं काय ते सांगते. वक्र पट्टीच्या कडेने निळ्या पेनने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कमानी आखून घेतल्या, पण टीप त्या रेघेवर बसतच नाही, शेजारून जाते. बॉर्डरमध्ये सरळ पट्टीने रेघा मारल्या तर दर तीन-चार इंचांवर एक बारीकशी पायरी दिसते. भोवरे वरून छान आणि क्विल्ट उलटली की वळणावळणावर दोऱ्याच्या पापण्या, म्हणजे बारीक सैल फास. टेन्शन ४ वरून ६ वर नेलं, काही फरक नाही.

आणि काल टक् आवाज झाला, सुईचे दोन तुकडे, सरळ पट्टीच्या कडेला नखाएवढा टवका. टोकाचा तुकडा बॅटिंगमध्ये (मधल्या मऊ थरात) सापडला, तोही चुंबक फिरवल्यावर.

मशीन बिघडलंय की मी?

उसवत_बसलेली
मशीन ठीक आहे. टवका उडालेली पट्टी किती जाड आहे? मोजून सांगा, आणि तोवर ती मशीनजवळ नेऊ नका.

पाव_इंच
३ मिमी भरली. रोटरी कटरने कापड कापायची आहे ती. वक्र पट्टी मात्र क्विल्टिंगचीच, साडेचार मिमी. फूटही रूलर फूटच लावलाय हो, जाड कडेचा.

उसवत_बसलेली
वाटलंच. मीही एक अशीच फोडलीय.

रूलर फुटाची कड जाड असते ती पट्टीला टेकायला. पट्टी पातळ असली की फूट तिच्यावर चढतो किंवा ती फुटाखाली सरकते, आणि पुढची टीप ॲक्रिलिकवर पडते. तुमचं मशीन लो-शँक (फूट बसवायचा दांडा आखूड असलेलं) असणार, म्हणून वक्र पट्टी साडेचार मिमीची मिळालीय. हाय-शँकला, म्हणजे लांब दांड्याच्या मशीनला, ६ मिमीचीही चालते. आता जास्त जाड तेवढी बरी म्हणून ६ ची आणू नका. लो-शँकवर सुई धरणारा स्क्रू खाली येताना तिच्यावर आपटू शकतो. नवी पट्टी आणलीत की मशीन बंद ठेवा, फूट खाली घ्या, पट्टी फुटाला टेकवा आणि चाक हाताने पूर्ण फेरा फिरवा. तुमचा फूट उड्या मारणारा असेल तर तो सगळ्यात वर गेला तरी त्याची खालची कड पट्टीच्या माथ्याखालीच राहायला हवी. दहा सेकंदांचं काम आहे, मी अजूनही दर वेळी करते. आणि पट्टी जागेवर असताना फूट उचलायचा नाही. नेमकी तेव्हाच ती खाली शिरते.

आता कमानी. तुमचं सदस्यनाम पाव_इंच आहे आणि घोळही पाव इंचाचाच आहे! सुई फुटाच्या मधोमध असते आणि तिथून फुटाच्या बाहेरच्या कडेपर्यंत पाव इंच. पट्टीला घासत जातो तो फूट. त्यामुळे टीप कायम पट्टीपासून पाव इंच लांब पडते. सरळ रेघेत हे लगेच ध्यानात येतं, वळणात येत नाही. ३ इंच व्यासाच्या गोल साच्याच्या बाहेरून फिरा, टिपेचं वर्तुळ साडेतीन इंचांचं होईल. ३ इंचांच्या भोकाच्या आतून फिरलात तर अडीच. म्हणजे पट्टीच्या फुगीर कडेने एक कमान आणि खोलगट कडेने दुसरी घातलीत तर त्या जुळायच्याच नाहीत, पाकळी एका बाजूने लठ्ठ दिसेल.

म्हणून पेनने कमान आखणं सोडून द्या. फक्त कोपरे बघा. सुई कोपऱ्यात खाली रुतवा, पट्टी सरकवत फुटाला आणून टेकवा, मग दुसऱ्या कोपऱ्याकडे पट्टीची कड पाव इंच मागे ठेवा. तुमच्या पट्टीवर पाव इंचाची कोरलेली रेघ असेल, ती दोन्ही कोपऱ्यांवरून गेली की झालं. कोपऱ्यात पोचलात की सुई खाली ठेवून थांबा, पट्टी उचला, पुढच्या कडेला लावा. दोरा तोडायचा नाही. एका ओळीतल्या चौकोनांवरून एकदा वरून, एकदा खालून अशी लाट घालत जायचं आणि त्याच ओळीवरून उलटी लाट घालत परत यायचं, की त्या ओळीच्या पाकळ्या पूर्ण.

खाली_दाते
पायरीबद्दल. पट्टी १२ इंचांची असली तरी एका पंजाखाली तिचा फुटाजवळचा तीन-चार इंचांचाच भाग पक्का धरला जातो. फूट त्यापुढे गेला की पट्टी हाताभोवती गिरकी घेते. तेव्हा सुई खाली ठेवून थांबा, हात पुढे सरकवा, मग चला. हात सरकवताना मशीन चालू ठेवलं की पायरी पडलीच. आणि पट्टी फुटावर दाबू नका, नुसती टेकलेली हवी. दाबली की सुई वाकते.

मशीनभोवती जोडटेबल आहे का? नसेल तर पट्टीचं अर्धं अंग हवेत असतं आणि ती डुगडुगते. क्विल्टचं ओझं टेबलाखाली लोंबत असेल तर तेही ओढतं, मांडीवर किंवा खुर्चीवर गोळा करून ठेवा. पट्टीच्या पाठीला न घसरणाऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावा.

रिकामी_बॉबिन
पापण्या = वळणावर हात पळतोय, सुई मागे राहतेय. टेन्शन परत ४ वर आणा. पाय थोडा जास्त, हात थोडा कमी. भोवऱ्याच्या आतल्या वळणात आपण सगळेच हात झटकतो. आणि भरणीसाठी तो जाड फूट काढून उघड्या तोंडाचा फ्री मोशन फूट लावा, कुठे चाललोय ते दिसतं तरी.

उसवत_बसलेली
मी नाही बदलत. दर ब्लॉकला स्क्रू कोण पिळणार?

रिकामी_बॉबिन
दर ब्लॉकला कशाला? आधी सगळ्या जोडांच्या (तुकडे जिथे एकमेकांना शिवलेत त्या) खाचेतून टीप, मग सगळ्या क्विल्टभर पट्टीचं काम, आणि शेवटी भरण. फूट एकदाच बदलायचा. खाचेतली टीप झाली की थर हलत नाहीत, मग क्रम कसाही चालतो. फक्त भरण सगळीकडे सारख्याच दाटीची ठेवा, एक ब्लॉक गच्च आणि शेजारचा मोकळा असं झालं तर क्विल्ट सपाट पडत नाही.

पाव_इंच
सगळ्यांचे आभार. काल जुन्या चादरीच्या तुकड्यावर करून पाहिलं. साडेचार मिमीची सरळ पट्टी मिळाली, चाक फिरवून तपासली. कोपरा धरून घातलेल्या आठ कमानींपैकी सहा नेमक्या बसल्या. उरलेल्या दोन ठिकाणी कोपऱ्यात न थांबता एक टाका पुढे गेले, म्हणून पाकळीला शेपूट आलंय. पापण्याही कमी आहेत, डावीकडच्या वळणांवर अजून दिसतात.

आता पहिले दोन ब्लॉक उसवू का? आणि ती निळी रेघ इस्त्रीने जाईल?

उसवत_बसलेली
इस्त्री अजिबात नको! पाण्याने जाणारं पेन असेल तर उष्णतेने डाग पक्का बसतो. आधी गार पाण्याने पूर्ण घालवा. ब्लॉकचं म्हणाल तर पाकळ्या उसवा, भोवरे राहू द्या. पापण्या मागच्या बाजूला आहेत, आणि मागचं कापड नक्षीचं असेल तर त्या तुमच्याशिवाय कुणाला दिसणार नाहीत.

पाव_इंच
मागचं कापड पांढरं आहे.

उसवत_बसलेली
मग भोवरेही उसवा. मागच्या बाजूने दर चौथा टाका कापा, वरचा दोरा अख्खा ओढून निघतो.