कोलला ठेवायचं की सोडायचं? (फॅमिली ग्रुपवरची चर्चा, फँटसी बेसबॉलच्या २०२६च्या ड्राफ्टआधी)

ग्रुपवर कोण कुठे: दादा-वहिनी न्यू जर्सीत एडिसनला, ताई फ्रीमाँटला, पिंट्या अटलांटाजवळ, बंड्या डॅलसला, काका पुण्यात, आत्या नाशकात.

खेळ असा: खरे अमेरिकन बेसबॉल खेळाडू ड्राफ्टमध्ये फेरीफेरीने निवडायचे आणि संघात लावलेल्यांच्या खऱ्या आकड्यांवर गुण मिळवायचे; बेंचवरच्यांचे आकडे धरत नाहीत. कीपर म्हणजे गेल्या वर्षीचा खेळाडू यंदाही ठेवणं, त्याच्या बदल्यात ठरलेल्या फेरीतली निवड जाते.

दादा: ताई, कीपरची यादी कधीपर्यंत द्यायची?

ताई: रविवारी रात्री. तुझी सोडून सगळ्यांची आली. चार नावं, पाचवं चालणार नाही.

दादा: तीन ठरलीत. चौथ्यावर अडलोय, यांकीजच्या पिचरवर. गेरिट कोल.

पिंट्या: आला बघा विषय 😂 तो माझा होता.

दादा: होता. तू सोडलास.

पिंट्या: मग काय करणार? गेल्या वर्षी आपला ड्राफ्ट झाला आणि लगेच ११ मार्चला त्याच्या कोपराचं ऑपरेशन. अख्खा २०२५ बाद. माझ्या आयएलच्या (जखमी खेळाडूंच्या यादीच्या) दोन्ही जागा भरलेल्या होत्या. तिसऱ्या फेरीत घेतलेला माणूस बेंचवर ठेवून त्याला रोज हार घालू?

ताई: आणि दादाने तो वेव्हरवरून (सोडलेल्या खेळाडूंतून) फुकट उचलला, वर्षभर आयएलमध्ये ठेवला. आता नियमाने त्याला शेवटच्या फेरीच्या भावात ठेवता येतो.

पिंट्या: हा नियमच बदला. २०२३चा साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार), तोही एकमताने मिळालेला, आणि शेवटच्या फेरीत? रद्दीचा भाव झाला हा.

ताई: नियम तूच सुचवला होतास. वर स्क्रोल कर.

आत्या: कोणाचं ऑपरेशन?? मला कोणी काही सांगत का नाही? फोन करू का?

वहिनी: आत्या, घरात सगळे ठणठणीत आहेत. बेसबॉलचा खेळाडू आहे तो, यांकीजचा.

आत्या: बरं बाई. जीव घाबरला. 🙏

काका: कोपर म्हणजे सचिनला झालं होतं तेच ना? टेनिस एल्बो. २००४ला झालं, पुढच्या वर्षी लंडनला जाऊन ऑपरेशन केलं. नंतर किती वर्षं खेळला! मग ह्याचं काय एवढं?

वहिनी: काका, ते कोपराच्या बाहेरच्या बाजूला असतं, स्नायूच्या टोकाचं दुखणं. ह्याचा आतल्या बाजूचा लिगामेंट गेलाय. दंडाचं हाड आणि हाताचं हाड आतून बांधून ठेवणारा पट्टा. पिचर चेंडू टाकताना हात मागे वळवून एकदम पुढे झटकतो, तेव्हा सगळा ताण त्या बोटभर पट्ट्यावर येतो. आपल्या बोलरला कोपर तसं झटकायची परवानगीच नाही, म्हणून आपल्याकडे पाठ जाते आणि यांच्याकडे कोपर.

काका: बरोबर. बुमराहची पाठ. मग हे शिवतात का?

वहिनी: नुसतं शिवून बहुतेक वेळा भागत नाही. मनगटाजवळचा किंवा मांडीमागचा एखादा टेंडन काढायचा, दोन्ही हाडांना भोकं पाडायची आणि त्यातून तो ओवून नवा लिगामेंट तयार करायचा. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४मध्ये टॉमी जॉन नावाच्या पिचरवर पहिल्यांदा केलं, म्हणून ऑपरेशनला त्याचंच नाव. तो १९७६ला परत आला आणि १९८९पर्यंत खेळला. कोलला त्याशिवाय आतून एक टेपही घातली आहे, आधाराला. लॉस एंजेलिसला डॉ. एलअट्राश यांनी केलं. ओतानीच्या कोपरावर काम केलेले तेच.

दादा: बघा, डॉक्टरही नंबर वन. ठेवतो मी.

वहिनी: डॉक्टर नंबर वन असला म्हणून टेंडनला घाई होत नाही. तो हळूहळू लिगामेंटसारखा होतो, त्याला त्याचा वेळ लागतोच. सुरुवातीचे चार-पाच महिने चेंडू हातात घ्यायचा नाही. मग जवळून फेक, मग लांबून, मग माउंडवरून (पिचरच्या उंचवट्यावरून), मग बॅटर समोर उभा करून, मग खालच्या लीगमध्ये सामने. सगळं सुरळीत गेलं तरी चौदा महिने धरा. पुष्कळांना त्याहून जास्त लागतात.

बंड्या: म्हणजे लवकरात लवकर मे-जून. आणि यांकीजने त्याला जखमींच्या ६० दिवसांच्या यादीत टाकलं तर मेच्या शेवटच्या आठवड्याआधी नावच घ्यायला नको.

दादा: मला चालेल. तोवर आयएलमध्ये राहील, माझा काय खर्च? शेवटच्या फेरीत तसाही मी कुठला तरी पडेल रिलीव्हर (सामन्यात नंतर येणारा पिचर) घेतो आणि दहा दिवसांत सोडतो.

ताई: खर्च शेवटच्या फेरीचा नाहीच रे. चार कीपरमधली एक जागा जाते तो खर्च. आणि आयएलच्या जागा दोनच. एप्रिलमध्ये दरवर्षी निम्मे पिचर कुठे ना कुठे दुखावतात. तुझे आणखी दोघे आयएलवर गेले की एकाला सोडावं लागेल, आणि तू कोलला सोडणार नाहीस, मी ओळखते तुला.

पिंट्या: यांकीजचा माणूस आहे ना. दादा हॉट डॉगवाल्यालाही सोडणार नाही, त्याने टोपी घातलेली असली तर.

काका: एक विचारू? ह्यात पैसे लावता का तुम्ही? इकडे गेल्या ऑगस्टपासून कायद्यानं पैशाचं फँटसी बंद झालं. आमच्या बिल्डिंगमधली पोरं रोज रात्री टीम लावायची, आता शांत आहेत.

ताई: नाही हो काका. जो शेवटून पहिला येतो त्याने दिवाळीला सगळ्यांना फराळाचं पार्सल पाठवायचं. गेल्या वर्षी कोणी पाठवलं ते सांगत नाही.

पिंट्या: चकल्या चांगल्या होत्या की नाही?

बंड्या: मऊ होत्या.

काका: 😄 मग हे गुण मोजता कसे?

ताई: पिचरचे पाच रकाने. जिंकलेले सामने, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), सेव्ह (शेवटी येऊन राखलेली आघाडी), ईआरए आणि व्हिप. ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे किती रन दिले, फील्डरच्या चुकांचे सोडून. व्हिप म्हणजे दर इनिंगला हिट आणि बेस-ऑन-बॉल्स (वाईट चेंडूंमुळे फुकट दिलेला बेस) मिळून किती जणांना बेसवर जाऊ दिलं. पहिल्या तिघांत बेरीज होते, त्यात न खेळणारा माणूस तुमचं नुकसान करत नाही. शेवटच्या दोघांत सरासरी असते. तिथे वाईट खेळणारा माणूस न खेळणाऱ्यापेक्षा महाग पडतो.

काका: म्हणजे आपली इकॉनॉमी. एकाने शेवटच्या ओव्हरला २५ दिले की सगळ्यांची मेहनत पाण्यात.

ताई: अगदी. आणि माझं म्हणणं तेच आहे. कोल मेपर्यंत नसेल याची मला काळजी नाही. तो जूनमध्ये *असेल* याची काळजी आहे. दादा त्याला पहिल्या दिवसापासून लावणार.

दादा: लावणारच. शोकेसमध्ये ठेवायला घेऊ का?

ताई: मग माझा अल्कांतरा आठव. २०२२ला २२८ इनिंग, २.२८ ईआरए, एकमताने साय यंग. ऑक्टोबर २०२३ला हेच ऑपरेशन, २०२४ पूर्ण सुट्टी. मी गेल्या वर्षी हौसेने घेतला. सगळे म्हणत होते, दीड वर्ष झालंय, वेगही आलाय. वेग खरंच आला होता. चेंडू मात्र हवा तिथे पडेना. जुलैतल्या ऑल-स्टार ब्रेकपर्यंत ईआरए सातच्या वर! नंतरच्या अर्ध्यात तो सुधारला, पण वर्षाचा आकडा ५.३६. माझा ईआरएचा रकाना मे महिन्यातच मेला होता.

वहिनी: हे नेहमीचं आहे. ताकद आधी येते, नेमकेपणा मागून. बोटांना चेंडू सोडण्याची वेळ पुन्हा शिकायला लागते. जिममध्ये ते मोजता येत नाही, म्हणून बातम्यांत फक्त वेगाचे आकडे येतात.

पिंट्या: माझा स्ट्रायडर तर उलटा. २०२३ला २० विजय, २८१ स्ट्राइकआउट. एप्रिल २०२४ला ऑपरेशन, त्याला तर पूर्ण पुनर्रचना नव्हती, आतली टेपच. वर्षभरात परत आला. टोरोंटोला एक सामना खेळला आणि पाचच दिवसांनी नुसती फेकाफेकी करताना हॅमस्ट्रिंग गेलं. मेमध्ये पुन्हा आला तेव्हा वेगच कमी झालेला. ७ विजय, १४ पराभव, ४.४५. इथल्या ट्रूइस्ट पार्कला मी स्वतः जाऊन बघितलाय, २०२३ला लोक ज्या फास्टबॉलवर हवेत बॅट फिरवायचे तोच चेंडू आता बॅटला लावून फाउल करत होते.

दादा: तुम्ही सगळे वाईट तेवढेच सांगताय. व्हर्लँडर? सप्टेंबर २०२०ला ऑपरेशन, २०२२ला १८ विजय, ४ पराभव, १.७५ ईआरए, साय यंग. एकोणचाळीसाव्या वर्षी! कोल आता पस्तिशीतच आहे.

बंड्या: आणि आमचा डिग्रॉम. दुसऱ्यांदा टॉमी जॉन, जून २०२३ला. गेल्या वर्षी १७२ इनिंग, २.९७, कमबॅक प्लेअर ऑफ द इयर. मी घेतला तेव्हा ह्याच ग्रुपवर माझी टिंगल झाली होती, तारखेसकट दाखवू शकतो.

ताई: बंड्या, तू स्वतःच उत्तर दिलंस. डिग्रॉम सप्टेंबर २०२४लाच परत आला होता. तीन सामने, जेमतेम अकरा इनिंग. मग पूर्ण हिवाळा मिळाला आणि तू ज्या वर्षाचं कौतुक करतोयस ते त्याच्या नंतरचं. कोलला तसा हिवाळा मिळणार तो २०२६नंतर.

बंड्या: हम्म. पण व्हर्लँडर थेट आला की.

ताई: आला. अल्कांतराही थेट आला. दोघांना साधारण दीडच वर्ष मिळालं होतं. म्हणून म्हणते, एका नावावर पैज लावू नका.

दादा: कोल वेगळा आहे. डोक्याने टाकतो. नुसत्या वेगावर जगणारा नाही तो.

ताई: मान्य. पण तुझ्या लाडक्याचंच उदाहरण देऊ? २०२४. तेव्हा ऑपरेशनही नव्हतं, फक्त कोपराच्या नसेला सूज. १९ जूनला परतला, चार इनिंग. पुढचा सामना मेट्सविरुद्ध. आठवतंय?

दादा: …

वहिनी: मला आठवतंय. आम्ही मेट्सच्या मैदानावर, सिटी फील्डला होतो. हे चौथ्या होमरनंतर (मैदानाबाहेर मारलेला फटका) नाचो आणायला गेले ते लवकर आलेच नाहीत.

पिंट्या: 😂😂😂😂

ताई: चार इनिंग, चार होमर, सहा रन, शून्य स्ट्राइकआउट. आणि तरी वर्ष संपलं तेव्हा १७ सामन्यांत ३.४१. म्हणजे माणूस परत येतो, फक्त पहिले चार-पाच सामने आपल्या माथी. तेव्हा ७० ते ८० चेंडूंवर काढून घेतात, पाच इनिंग पुऱ्या होत नाहीत, आणि पाच झाल्याशिवाय स्टार्टरला (सामना सुरू करणाऱ्या पिचरला) विजय मिळत नाही. म्हणजे विजय नाही, स्ट्राइकआउट थोडे, आणि ईआरएचा धोका पूर्ण.

काका: मला खेळ कळत नाही, पण हिशोब कळला. बाळा, माल ठेव, पण आल्या आल्या विकायला काढू नकोस.

दादा: म्हणजे काका, ठेवायचा ना?

काका: ते तुझी बहीण सांगेल.

ताई: माझं मत: शेवटच्या फेरीत ठेव. पण जूनमध्ये तो परतला की किमान चार सामने बेंचवर. स्ट्राइकआउट किती हे बघू नकोस, बेस-ऑन-बॉल्स बघ. लागोपाठ दोन सामन्यांत दोन किंवा कमी आले की लाव. आणि त्याचा खरा फायदा हवा असेल तर २०२७ला पुन्हा ठेव. हीच गोष्ट पाचव्या-सहाव्या फेरीच्या भावात असती तर मी सरळ नको म्हणाले असते.

वहिनी: चार सामने बेंचवर? तुमच्या दादांना? ते पहिल्या सामन्याच्या दिवशी ऑफिसमधून लवकर येतील, पैज लावते.

पिंट्या: दादा, माझी ऑफर. कोल मला परत दे, मी तुला माझी सातवी फेरी देतो. तू आयएलची जागा मोकळी ठेव, मी जोखीम घेतो.

दादा: आता का? मघाशी तर रद्दी होती.

पिंट्या: रद्दी नाही म्हटलं, रद्दीचा *भाव* म्हटलं.

ताई: सातवी फेरी?? दादा, घे. आत्ता घे. मेच्या अखेरीपर्यंत एकही चेंडू न टाकणाऱ्या पस्तिशीतल्या पिचरसाठी सातवी फेरी कोणी देत नाही.

बंड्या: पिंट्या, तू शुद्धीवर आहेस ना? की पुन्हा चकल्या करायच्या आहेत?

दादा: थांबा. सातवी आणि तुझा दुसरा कीपर रिलीव्हर.

पिंट्या: रिलीव्हर नाही. सातवीऐवजी सहावी देतो, तेवढ्यावर मिटव.

वहिनी: हे खोलीत फेऱ्या मारतायत आत्ता.

दादा: नाही देत. ठेवतो. ताई, लिही: चौथं नाव गेरिट कोल.

ताई: अरे सहावी फेरी होती! … लिहिलं. यादी बंद. पिंट्या, तुझ्या आयएलच्या जागांचा प्रस्ताव, दोनाच्या तीन करायच्या का, त्यावर उद्या मतदान टाकते.

दादा: तीनला माझं हो.

पिंट्या: माझं आता नाही.