पिधानाच्या टायमिंगसाठी स्वस्तातला जीपीएस रिसीव्हर कुठला घ्यावा?

दुर्बीण_सातारा: मंडळी जरा मदत हवीय. मी लघुग्रहांची पिधानं रेकॉर्ड करायला लागलोय, म्हणजे लघुग्रह ताऱ्यासमोरून जातो आणि तारा दोन-चार सेकंद विझतो त्याचा व्हिडिओ. आठ इंची दुर्बीण, यूएसबी कॅमेरा, विंडोजचा जुना लॅपटॉप. घोडं अडलंय वेळेवर. सावली जमिनीवरून सेकंदाला दहा-बारा किलोमीटर पळते, त्यामुळे घड्याळ पाव सेकंद चुकलं तरी अडीच-तीन किलोमीटरचा घोळ. निरीक्षण मित्राच्या शेतावर करतो, तिथे मोबाईलला धड रेंज नाही, त्यामुळे इंटरनेटवरून वेळ घेणं बाद. 'टायमिंग रिसीव्हर' म्हणून शोधलं तर किमती बघून लॅपटॉप मिटवून ठेवला. दोन हजारात काही बसेल का? पेनड्राइव्हसारखा यूएसबी जीपीएस चालेल का?

सोल्डरवाला_पुणे: यूएसबी काडी घेऊ नका. तिच्यातून वेळ येते ती मजकूर म्हणून येते, आणि तो मजकूर सेकंद सुरू झाल्यावर कधीतरी पोचतो, कधी शंभर मिलिसेकंदांनी कधी तीनशे, भरवसा नाही. तुम्हाला पीपीएस पाहिजे, म्हणजे दर सेकंदाच्या ठोक्याला एक पल्स देणारी वेगळी तार. यूब्लॉक्स कंपनीच्या निओ-6एम चा मॉड्यूल, म्हणजे जीपीएसचा छोटा बोर्ड, घ्या, मी तापकीर गल्लीतून साडेतीनशेला आणलेला. फक्त घेताना पिना मोजा. चारच पिना असतील तर पीपीएस बाहेर काढलेली नाही, ती नुसती एलईडीला जोडलेली असते, मग तिथून बारीक तार सोल्डर करावी लागते, हात थरथरत असेल तर पाच पिनांचाच घ्या. खरे टायमिंगवाले, निओ-एम8टी वगैरे, ते जागा एकदा पक्की केली की एका उपग्रहावरही वेळ देतात, पण उघड्या शेतात तुम्हाला दहा उपग्रह फुकट दिसतायत, कशाला पैसे घालता.

चहाटपरी: एवढा उपद्व्याप कशाला, घरून निघताना इंटरनेटवरून घड्याळ लावा आणि जा की 😀

सोल्डरवाला_पुणे: दादा लॅपटॉपच्या घड्याळाला ताल देणारा क्रिस्टल नुसता दहा पीपीएमनं (दहा लाखांत दहा भाग) घसरला तरी तासाला 36 मिलिसेकंद जातात, आणि थंडीत शेतावर तो किती घसरेल ते तोच जाणे.

दुर्बीण_सातारा: धन्यवाद. पण पीपीएसची तार लॅपटॉपला कुठे लावू? त्याला सिरियल पोर्टच नाहीये. घरी रास्पबेरी पाय 3, तो तळहाताएवढा कॉम्प्युटर, धूळ खात पडलाय.

रात्रपाळी: मग झालं की काम. पीपीएस पायच्या जीपीआयओ 18 या पिनेला, मॉड्यूलचा टीएक्स (मजकूर पाठवणारी पिन) पायच्या आरएक्सला (मजकूर घेणारी), कॉन्फिग फाईलमध्ये पीपीएस-जीपीआयओ चा ओव्हरले म्हणजे पल्स कुठल्या पिनेवर येतेय ते पायला सांगणारी ओळ, आणि सिरियल कन्सोल आठवणीनं बंद करा नाहीतर लॉगिनचा मजकूर आणि जीपीएसचा मजकूर यांची भांडणं लागतात. वर जीपीएसडी (जीपीएसचा मजकूर वाचणारा प्रोग्रॅम) आणि क्रोनी (घड्याळ जुळवणारा). लॅपटॉप पायला लॅनच्या केबलनं जोडा, वायफायनं नको.

आता मी जिथे आपटलो ते सांगतो. पीपीएस नुसता "ठोका पडला" सांगतो, कितवा सेकंद ते मजकुरातूनच कळतं. मॉड्यूलच्या 9600 बॉडच्या वेगाला सेकंदाला 960 च अक्षरं जातात, मॉड्यूल फालतू वाक्यं (मजकुराच्या ओळी) पण पाठवत बसतो, त्यात पाचशे अक्षरं झाली की अर्धा सेकंद गेलाच. उशीर अर्ध्या सेकंदाच्या पुढे गेला की क्रोनी ठोका शेजारच्या सेकंदाला चिकटवतो, आणि तुमचं घड्याळ मायक्रोसेकंदापर्यंत स्थिर दिसतं पण अख्खा एक सेकंद चुकलेलं असतं! मी आठवडाभर तसाच खुशीत होतो. तारीख-वेळ देणारं आरएमसी हे वाक्य सोडून बाकीची बंद करा, आणि क्रोनीत ऑफसेट, म्हणजे मजकुराचा ठरावीक उशीर, घालून घरच्या इंटरनेटच्या वेळेशी एकदा ताडून बघा, मग शेतावर न्या.

अमावस्या: सगळे घड्याळाच्याच मागे लागलेत, कॅमेऱ्याचं काय? यूएसबी कॅमेऱ्याची फ्रेम लॅपटॉपात पोचल्यावर मग तिच्यावर वेळ पडते, तो उशीर कोण मोजणार? मॉड्यूलची पीपीएसची एलईडी दुर्बिणीच्या तोंडाशी धरा, सेकंदाच्या ठोक्याला ती पेटते, यूब्लॉक्सची मूळ सेटिंग असेल तर 100 मिलिसेकंद पेटलेली राहते. व्हिडिओत ती पहिल्यांदा दिसते त्या फ्रेमवर काय वेळ आलीय बघा. एक्स्पोजर मात्र निरीक्षणाला ठेवता तेवढंच ठेवा, बदललं की उशीर बदलतो.

दुर्बीण_सातारा: तीन आठवड्यांनी लिहितोय, सॉरी. पाच पिनांचा मॉड्यूल आणला, पहिले दोन दिवस गॅलरीत स्लॅबखाली ठेवून फिक्स (उपग्रह सापडून जागा-वेळ मिळणं) का येत नाही म्हणून डोकं खाजवत बसलो, गच्चीवर नेला तर पाच मिनिटांत आला. काल एलईडीचा प्रयोग केला. सेकंदाला 25 फ्रेमच्या स्पीडला वीस वेळा बघितलं, फ्रेमवरची वेळ कधी 80 मिलिसेकंद पुढची कधी 120. म्हणजे घड्याळ बरोबर असूनही सरासरी शंभरेक मिलिसेकंद कॅमेराच खात होता, अमावस्या तुमचे उपकार. मग मागच्या महिन्यातल्या पिधानातूनही हे शंभर वजा करू का?

अमावस्या: नको. तेव्हा लॅपटॉपचं घड्याळ किती चुकलेलं होतं ते कुठे माहितीय? तारा विझला एवढंच लिहा, वेळेचा रकाना रिकामा सोडा.