प्रति: रक्तातलं ओमेगा-३ आणि स्तनाचा कर्करोग

'रक्ताच्या तपासणीत ओमेगा-३ कमी आलं, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढला का?' या प्रश्नाबद्दल. तसा अर्थ काढू नका. ओमेगा-३ हे मेदाम्ल (चरबीचा घटक), आणि हा आकडा रक्तातल्या एकूण मेदाम्लांतल्या टक्केवारीचा असतो. एक आम्ल वाढलं की बाकीच्यांचा वाटा आपोआप घटतो. शिवाय नमुना कशाचा ते अहवालात बघा. सीरममध्ये (रक्तातल्या पेशी वगळून उरलेल्या द्रवात) अलीकडच्या काही आठवड्यांचं खाणं दिसतं, तांबड्या पेशींत तीन-चार महिन्यांचं. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

आहार आणि कर्करोगावरच्या युरोपातल्या 'एपिक' अभ्यासात (२०१७) वाढत्या धोक्याशी नातं दिसलं ते पामिटोलिक आम्ल या दुसऱ्या मेदाम्लाचं. गंमत म्हणजे ते फारसं ताटातून येत नाही. जादा साखर-पिष्ट किंवा दारू पोटात गेली की यकृत पामिटिक आम्ल बनवतं आणि एससीडी-१ हे एन्झाइम त्याचं पामिटोलिक करतं. म्हणून नुसतं तेल बदलून हा आकडा हलेलच असं नाही. कारखान्यात तयार होणाऱ्या ट्रान्स फॅटचं नातं मात्र ईआर-निगेटिव्ह (इस्ट्रोजेन संप्रेरकाचे ग्राही नसलेल्या) गाठींशी दिसलं. अर्थात, नातं म्हणजे कारण नव्हे.

कॅप्सूलबद्दल: 'व्हायटल' चाचणीत सुमारे २६ हजार लोकांना पाचेक वर्षं रोज १ ग्रॅम ओमेगा-३ किंवा प्लासिबो (औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी) दिलं, कर्करोगाचं प्रमाण घटलं नाही. रक्तातल्या मेदाम्लांची ही तपासणी मॅमोग्राफीच्या (स्तनांच्या एक्स-रेच्या) जागी तर मुळीच चालत नाही.