त्सूगत्स्वांग हा शब्द बनवला कोणी?

अडीच_घरं: काल बुद्धिबळाची मॅच बघत होतो तर कॉमेंटेटरचं सारखं झुगझ्वांग झुगझ्वांग चाललेलं. अर्थ माहितीये, चाल करावीच लागते आणि कुठलीही केली तरी वाटच लागते. पण शब्द काढला कोणी? क्लबमधले एक काका छातीठोकपणे सांगतात की लास्करने, तो जुना वर्ल्ड चॅम्पियन. खरंय का? आणि जर्मनच का?

जुना_वजीर: काकांना सांगा अर्धंच बरोबर. इमानुएल लास्करने १९०५ मध्ये न्यूयॉर्कहून निघणाऱ्या आपल्या मासिकात तो वापरला, इंग्रजीत सापडलेला तो सगळ्यात जुना वापर. जर्मनीत मात्र १८५८ च्या 'शाखत्सायटुंग' या बर्लिनच्या बुद्धिबळ मासिकातच छापलेला आहे, म्हणजे लास्करच्या जन्माच्या दहा वर्षं आधी! आणि आयडिया तर त्याहून कितीतरी जुनी, अरबी शतरंजच्या प्रॉब्लेममध्येसुद्धा सापडते. जर्मन का, तर त्या काळात बुद्धिबळावरचं जड लिखाण तिकडेच व्हायचं, बिल्गरचं हँडबुक १८४३ चं, बर्लिनचं ते मासिक १८४६ पासून, मग शब्दही त्यांचेच चिकटले.

श्टुटगार्टकर: उच्चार त्सूक-त्स्वांग च्या जवळ जातो, झ नाहीये त्यात कुठे. त्सूग म्हणजे चाल, त्स्वांग म्हणजे सक्ती. त्सूग म्हणजे ट्रेन पण, कारण मूळ क्रियापद ओढण्याचं आहे, सोंगटी पण ओढायची आणि डबे पण. इकडे बातम्यांत रोज ऐकू येतो, सरकार त्सूगत्स्वांगमध्ये सापडलं वगैरे, पण तिथे अर्थ नुसता 'आता काहीतरी करणं भाग आहे' एवढाच, हरणारच असं काही नाही.

प्यादंच_बरं: अर्थ डोक्यात बसवायचा तर हे मांडा. पांढरा राजा डी५, प्यादं ई४. काळा राजा एफ४, प्यादं ई५. बाकी पट रिकामा. ज्याची चाल तो मेला, कारण राजा हलला की आपलं प्यादं उघडं पडतं. नुसतं 'पास' म्हणता आलं असतं तर दोघंही आरामात बसले असते.

अडीच_घरं: मस्त, मांडून बघितलं. मग ते निम्झोविच या खेळाडूचं फेमस त्सूगत्स्वांग पण असंच?

जुना_वजीर: झेमिश विरुद्ध निम्झोविच, कोपनहेगन १९२३. शेवटची चाल काय, तर २५...एच६, म्हणजे काळ्याची (निम्झोविचची) पंचविसावी, एक फालतू दिसणारी प्याद्याची चाल, आणि पटावर एवढी फौज असून झेमिशने डाव सोडला. पण मला विचाराल तर तो शुद्ध त्सूगत्स्वांग नाही. पांढऱ्याला, म्हणजे झेमिशला, पास मिळाला असता तरी काळ्याकडे हत्ती एफ३ होतंच, वजीर अडकला, आणि उंटाने हत्ती मारला तर दुसरा हत्ती एच२ वर, मात.

श्टुटगार्टकर: एवढं कोण बघतंय, नाव तर पडलं ना :)

कोडवाला: इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे प्रोग्रॅम, लिहिणारे बघतात! नल मूव्ह म्हणून ट्रिक असते, आपली चाल सोडून दिली तरी पोझिशन चांगलीच राहत असेल तर ती फांदी पुढे शोधायचीच नाही, खूप वेळ वाचतो. त्सूगत्स्वांगमध्ये हे गणितच उलटं, चाल सोडणं हाच फायदा, त्यामुळे राजा-प्याद्यांच्या एंडगेमला ती ट्रिक बंद ठेवतात.